पंच बराकीत आहे

सोसायटीच्या विहिरीवरचं इंजिन चोरल्याच्या आरोपावरून म्हाळू दोन वर्षं नऊ महिने तुरुंगात होता. खटल्यात अजून एकही साक्ष झाली नव्हती. जामीन मिळाला होता, जामीनदार तेवढा मिळाला नव्हता. चाळीस जणांच्या बराकीत एकशे बारा माणसं. कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याला कळवावं लागे.

खटला अडला होता पंचावर. हा पंच म्हणजे सिरसाळ्याकडचा सटवा. पंचनाम्यावर अंगठा त्याचा. दसऱ्याला तो ऊस तोडायला जाई, तो मे महिन्यात परते, आणि मेमध्ये कोर्टाला सुट्टी. पावसाळ्यात सटवा गावातच असे. पण तेव्हा जुन्या साहेबांची बदली झालेली असे आणि नवे साहेब यायचे असत.

त्या साली पाऊस पडलाच नाही. ऊस वाळला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड राहिलं. बराक हळहळली. म्हाळूला मात्र हसू लपवता येईना.

“आता सटवा जातो कुठं बे?”

सटवा खरंच कुठं गेला नाही. टँकरच्या पाण्यावरून भांडण झालं, कुणाचंसं डोकं फुटलं, पोलिसांनी अकरा जण उचलले आणि जानेवारीत सटवा म्हाळूच्याच बराकीत दाखल झाला. म्हाळूनं त्याला आपली अर्धी चादर दिली.

“कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गड्या,” सटवा म्हणाला. “इंजिन म्या बघितलंच न्हाई.”

“हेच साहेबाला सांग. दुसरं कायबी बोलू नको.”

तारखेला पोलिसांनी एकट्या म्हाळूलाच नेलं. सटवाची तारीख वेगळी होती. कोर्टात कारकुनानं वाचलं, “पंच सटवा राहत्या घरी मिळून आला नाही. समन्स परत.”

“साहेब, त्यो माझ्या चादरीवर हाय!”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तसा रीतसर अर्ज द्या.” पुढची तारीख एप्रिलची पडली.

व्हरांड्यात वकील म्हणाले, “म्हाळू, गुन्हा कबूल करून टाक. भोगलेली कैद शिक्षेत धरतील. संध्याकाळी घरी जाशील.”

“पर म्या चोरलंच न्हाई.”

“मग बस एप्रिलपर्यंत.”

म्हाळूनं बोटांवर एप्रिलपर्यंतचे महिने मोजले.

“कबूल केलं, आन इंजिन कुठं ठिवलं म्हणून इचारलं तर?”

“ते कुणी विचारत नाही.”

आता मात्र म्हाळू भडकला.

“कावून न्हाई इचारत?”