चहाचा डाग

उजिनचं कार्ड मी आमच्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्या हाताने चुरगळलं. आधी चारही कोपरे दुमडले, मग सातूच्या चहात बोट बुडवून त्याच्या नावाशेजारी एक डाग पाडला आणि तो वाळेपर्यंत कार्ड हलवत बसले. पन्नाशीला आलेली बाई, चर्चची सेविका, आणि शनिवारी दुपारचा उद्योग हा असा.

दक्षिण कोरियातल्या आमच्या गुनसानच्या चर्चमध्ये मुलांच्या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेला शंभर दिवस उरले की आयांची पहाटेची प्रार्थना सुरू होते. एरवी रविवारी अकरालासुद्धा धापा टाकत येणाऱ्या बायका त्या दिवसांत पावणेपाचला जागा धरून बसतात. मीही त्यातलीच, उगाच साळसूदपणा कशाला.

त्या वर्षी नव्या पाळकबाईंनी एक टूम काढली. प्रत्येक आईने कार्डावर मुलाचा फोटो चिकटवायचा, खाली नाव आणि हवा असलेला अभ्यासक्रम लिहायचा. मग त्या दोघीदोघींच्या जोड्या लावणार, आणि जोडीतल्या दोघींनी कार्डांची अदलाबदल करायची. "आपल्या पोरासाठी कुणीही मागतं," पाळकबाई म्हणाल्या. "तुमचं पोर देवावर सोडा. शंभर दिवस शेजारणीच्या पोरासाठी मागा." आम्ही सगळ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या.

माझी जोडी लागली उजिनच्या आईशी. तिचं नाव माल्सून, पण ते कुणी घेत नाही. ती बंदरावरच्या बाजारात मासे साफ करते आणि पहाटे रबरी बूट घालूनच चर्चला येते, कारण तिथून थेट कामावर जायचं असतं. माझं बायकांच्या कपड्यांचं दुकान, एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट, खिडकीतून समुद्र. तिचा उजिन आणि माझी सोल्बी एकाच शाळेत. दोघांनाही एकाच विद्यापीठात औषधशास्त्र शिकायचं होतं, आणि आमच्या भागातल्या मुलांसाठी तिथे जागा मोजक्याच. उजिनसाठी मागायचं म्हणजे माझ्या पोरीच्या पानातलं उचलून त्याच्या पानात वाढायचं. निदान मला तरी ते तसंच दिसलं.

आमच्याकडे प्रार्थना मनातल्या मनात होत नाही. पाळकबाई "प्रभू" अशी तीनदा हाक देतात, आणि मग सगळ्या एकदम, मोठमोठ्याने, जिचं तिचं मागायला लागतात. त्या गलक्यात कुणाचं कुणाला काय ऐकू येणार? मी त्या गलक्यावर भिस्त ठेवली. मांडीवर उजिनचं कार्ड आणि तोंडात सोल्बीचं नाव, असे कित्येक दिवस काढले. ऑक्टोबरात सराव परीक्षेत उजिनला सोल्बीपेक्षा अकरा गुण जास्त पडले. दुसऱ्या पहाटे मी म्हणाले, "प्रभू, त्या दिवशी त्याचा हात थरथरू दे. एवढंच कर. पुढे त्याचं सगळं चांगलं कर." आणि वर आमेन म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळ्या सकाळपासून चर्चमध्ये होतो. तिकडे मुलांचा पेपर सुरू झाला की इकडे आमची प्रार्थना, तिकडे सुट्टी झाली की आम्हीही पाणी पिणार. उजिनच्या आईची बोटं थंडीने आणि मिठाच्या पाण्याने फुटली होती. त्या बोटांत सोल्बीचं कार्ड धरून ती दिवसभर हलली नाही.

सोल्बीला प्रवेश मिळाला. उजिनने शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिकेवर एक ओळ सोडून खुणा केल्या आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर खाली सरकली. त्याचा हात थरथरत होता, असं तो घरी म्हणाला. ते कळलं तेव्हा मी दुकानात कोट टांगत होते. मी पडद्यामागे गेले आणि कपडे बदलायच्या खोलीत कडी लावून बसून राहिले. देव माझ्यासारखीच्या सांगण्यावरून पोराचा हात हलवत नाही, एवढं मलाही कळतं. पण मागितलं होतं ना मी.

तरी मी चर्चभर तांदळाचे केक वाटले. फोनवर नातेवाइकांची कौतुकं ऐकली. तो आनंद मला आठ दिवस पुरला. नवव्या दिवशी खिडकीशी उभी राहिले तर समुद्र नुसताच पसरलेला, आणि माझ्या डोक्यात काय, तर जावेची मुलगी सेऊलमध्ये डॉक्टर होणार. ज्यासाठी मी इतकी घसरले, ते तोंडात विरघळूनही गेलं होतं.

आणि शंभर दिवस संपल्यावरही आम्हा आयांपैकी पहाटे चर्चला जाणारी एकच उरली होती, उजिनची आई. हिला आता मागायला काय उरलंय, असं मला वाटायचं.

डिसेंबरच्या शेवटी पाळकबाईंनी फर्मान काढलं, रविवारी कार्डं जिची तिला परत द्या, आठवण म्हणून. मी उजिनचं कार्ड काढलं. ते कोरं करकरीत होतं, कालच छापून आल्यासारखं. म्हणून तो चहा.

उपासनेनंतर चर्चच्या तळघरात जेवायला आम्ही समोरासमोर बसलो. तिने सोल्बीचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. कडा झिजल्या होत्या, मधोमध चिकटपट्टी लावलेली, फोटोच्या कोपऱ्याला माशाचं एक खवलं वाळून बसलेलं. मी तिला माझं दिलं. तिने डागावरून अंगठा फिरवला.

"बरंच झिजवलंस की," ती म्हणाली.

होय म्हणून नूडल्स खायला लागले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ते खवलं माझ्याकडे बघत होतं. मी सगळं सांगून टाकलं. डाग कालचा आहे. उजिनसाठी मी एकदाही मागितलं नाही. मागितलं ते त्याच्या हाताबद्दल, आणि काय मागितलं तेही सांगितलं.

तिने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "माहितीये मला."

"म्हणजे?"

"शंभर दिवस तुझ्या डावीकडे बसले होते ना मी. तू काय कुजबुजतेस होय?"

"हाताचंही ऐकलंस?"

"ऐकलं. बाजारात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी बसायचंच नव्हतं मला."

"मग का आलीस?"

"जाऊ कुठे? माझं जे काही आहे ते तिथेच आहे." तिने डोळे पुसले, पण आवाज रोजचाच होता. "उजिनला जागा मिळाली असती तर मी नाचले असते, खोटं कशाला बोलू. पण मी पहाटे उठते ती जागेसाठी नाही गं. ते कार्ड उलटून बघ."

मी उलटलं. मागे पेन्सिलने लिहिलं होतं, ग्योंगरान. माझं नाव. सोल्बी झाल्यापासून मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

"त्या दिवसापासून तुझंही घेत होते," ती म्हणाली. "आधी दात ओठ खाऊन घ्यायचे. मग जमायला लागलं."

मला तिच्याकडे बघवेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, उजिन पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे का. बसणार होता. मग मी हात पुढे करून उजिनचं कार्ड परत मागितलं.

"चहा पाजू नकोस त्याला आता," ती म्हणाली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

सोमवारी पहाटे चर्चमध्ये आम्ही नऊजण होतो. पाळकबाईंनी तीनदा हाक दिली. नऊजणांचा गलका तो काय होणार, प्रत्येकाचं बोलणं वेगळं ऐकू येत होतं. लपायला जागा नव्हती. माल्सून माझ्या डावीकडे होती, रबरी बूट घालून. मी कार्ड दोन्ही हातांत धरलं. मग तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "प्रभू, उजिनचा हात स्थिर ठेव."