जबडा आणि पंख

थोरली बहीण संग्रहालयात जीवाश्मांवर काम करायची. डायनासोरांच्या काळी आभाळात उडणाऱ्या एका सरीसृपाच्या पंखाचा सांधा, तोही अर्धाच, एवढ्या भांडवलावर तिने उमेदीची वर्षं घालवली होती. आणखी एखादं हाड मिळाल्याशिवाय त्या प्राण्याला नाव द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

मग धाकटी त्याच संग्रहालयात लागली, पहिल्याच मोहिमेवर गेली आणि दातांसकट जबडा घेऊन आली. वर पंखाच्या सांध्याचा एक तुकडाही.

सगळ्यांनी धाकटीला डोक्यावर घेतलं. थोरलीनेही हसून पाठ थोपटली, पण आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. त्यात आईचा फोन.

"अगं, तुझं ते हाड दे ना तिला जुळवून बघायला. लहान आहे ती."

बाहुलीपासून सायकलीपर्यंत सगळं याच वाक्याने हातचं गेलं होतं.

"नाजूक आहे, हलवता येणार नाही," असं सांगून थोरलीने बरेच दिवस काढले. शेवटी धाकटी स्वतःच पेटी घेऊन तिच्या खोलीत आली.

"ताई, तूच बघ. तुझ्याइतकं हे हाड कुणाला कळतं?"

थोरलीने दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले. सांध्यावरची तिरकी कड, तिच्या शेजारचं बारीक छिद्र. प्राणी तोच होता.

"वेगळा आहे," ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा पडला. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," म्हणत ती तुकडा कापसात गुंडाळायला लागली. तिने साधी शंकासुद्धा घेतली नाही, याचाच थोरलीला राग आला.

"थांब. तोच आहे."

"मग मघाशी?"

"मघाशी जळत होते. अजूनही जळतेय."

धाकटी मटकन खुर्चीत बसली. "आणि मी जन्मभर तुझ्यावर. घरात सारखं आपलं ताईसारखी हो, ताईसारखी हो."

लेख दोघींच्या नावाने निघाला. आधी धाकटीचं नाव. दालनात त्या प्राण्याचं मोठं चित्र लागलं, सापडलेली हाडं गडद, बाकी सगळं अंदाजाने फिकट रंगवलेलं. लोक दातांपाशीच थांबायचे, पंखाकडे कुणी ढुंकून बघत नसे. थोरलीला ते रोज टोचायचं.

धूळ सोसत नाही म्हणून ती कधी मोहिमेवर जात नसे. या खेपेला मात्र तिने नवे बूट घेतले आणि धाकटीला बजावलं, "मी येतेय. जबडा मिळाला त्या जागी मी खणणार. तू पलीकडे बस."