डाव्या दाराचं पांढरं

बाबांचा उजवा डोळा नवा होता आणि डावा जुना. घरात सगळे तसंच म्हणत. उजव्यातला मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलं त्याला दोनेक महिने होऊन गेले होते. डाव्यासाठीही दवाखान्याने दिवस राखून ठेवला होता, फक्त आज दुपारच्या आत फोन करून ‘येतो’ म्हणायचं होतं. नाहीतर ती वेळ दुसऱ्याला जाणार आणि पुढची कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

आणि बाबा सकाळपासून नन्नाचा पाढा लावून बसले होते.

“एक बिघडवला तेवढा पुरे,” असं म्हणून त्यांनी बादलीत स्पंज बुडवला. “दुसरा कामाचा आहे, तो राहू दे.”

पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या चिमीने गाडीच्या टपावर पाणी सोडलं. चिमी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आलेली. नवा डोळा बिघडलेला नाही हे तिला माहीत होतं. तिच्या आईला माहीत होतं. खरं तर साऱ्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या बाबांना, आणि त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. बाबांची सगळी नोकरी कापडगिरणीच्या रंगखात्यात गेली. मागच्या ताग्याची छटा पुढच्या ताग्यात तंतोतंत उतरली की नाही, हे त्यांनी नजरेने ठरवायचं. त्यांनी मान हलवली की माल पुढे जायचा, नाही हलवली की पुन्हा हौदात. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या बायका दोऱ्याची रिळं घेऊन त्यांच्याकडे यायच्या आणि सगळे त्यांना रंगारीबुवाच म्हणायचे. बाबांनी आयुष्यात मिरवली ती एवढी एकच गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी गाडी बाहेर काढताना डावं दार फाटकाला घासलं आणि पांढऱ्या रंगाचे तीन टवके उडाले. दुकानात त्याच गाडीच्या रंगाची, झाकणाला कुंचला लावलेली छोटी बाटली मिळते. बाबांनी ती आणली, उजेडात धरली आणि नाक मुरडलं. “निळसर आहे. यांना पांढरं कळत नाही.” मग त्यांनी कुठून तरी पिवळा रंग मिळवला आणि थेंब थेंब टाकून स्वतःच्या हाताने छटा जुळवली. ते ठिपके भरून वाळले तेव्हा पांढऱ्याशुभ्र दारावर तीन ठिकाणी साय धरल्यासारखी दिसत होती.

“कसं काय?” बाबांनी विचारलं होतं.

आईने बाबांच्या पाठीमागून चिमीकडे असे डोळे वटारले होते की चिमी म्हणाली, “एकजीव झालंय, बाबा.”

त्या दिवसापासून ते एकजीवच होतं. मग नव्या डोळ्यावरची पट्टी निघाली, बाबा घरी आले, फाटकाशीच थबकले आणि म्हणाले, “दाराला हे काय झालंय?” एक डोळा झाकला, दुसरा झाकला. जुन्या डोळ्याला दार स्वच्छ दिसत होतं, नव्याला तीन डाग. छटा तर आपणच जुळवलेली, तिच्यात खोट असणार नाही. म्हणजे खोट भिंगात! त्यांच्या परीने हिशोब चोख होता.

गाडी धुऊन झाली. चिमीने मऊ फडक्याने टिपून घेतली. मग बाबांनी साबणाच्या वडीसारखा दिसणारा मातीचा गोळा घेतला आणि पत्रा पुन्हा जरा ओला करून त्यावरून हलक्या हाताने फिरवला. धुऊनही न निघणारी बारीक कचकच त्या गोळ्याला चिकटून येते. गोळा काळा झाला की घडी घालून आतली बाजू वर काढायची. चिमीला हे काम मनापासून आवडायचं. बोटांची टोकं आधी खरखरीत जागेवरून फिरवावी आणि मग गोळा फिरलेल्या जागेवरून, तो फरक डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो.

“आता नीट ऐक,” बाबा म्हणाले. पॉलिशची बाटली त्यांनी खळखळून हलवली. “तू शास्त्र शिकलीस ना? मग आज प्रयोगच करू. डाग जर दारावर असतील तर पॉलिशने फिके पडतील. डोळ्यात असतील तर कितीही घासलं तरी जायचे नाहीत. कबूल?”

“बाबा, पण यात तिसरीही—”

“कबूल की नाही?”

“कबूल,” चिमी पुटपुटली. प्रयोगातलं भगदाड तिला समोर दिसत होतं: ठिपके रंगाचेच असतील तर पॉलिशने जातील कसे? त्यात हात घातला असता तर दोन वर्षांचं खोटं बाहेर आलं असतं.

त्यांनी दाराच्या कडेला आणि मधल्या उठावदार रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली, कारण कडेवर रंगावरचा पारदर्शक थर पातळ असतो आणि तिथे जास्त घासलं तर तो उडतो. मग बाबांनी स्पंजच्या चकतीवर वाटाण्याएवढं पॉलिश घेतलं आणि हातभर जागेत आडवं, मग उभं, असं फिरवायला सुरुवात केली. पॉलिश म्हणजे वरून काही चढवणं असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्यात इतकी बारीक पूड असते की ती ओरखड्यांच्या काठांना घासून सपाट करते, आणि सपाट पृष्ठभागावरून उजेड न विखुरता सरळ परत येतो. बाबा हे सगळं न सांगता हाताने करत होते. दाब सुरुवातीला थोडा, मग हळूहळू कमी.

पॉलिशचा पांढुरका थर वाळल्यावर चिमीने पुसला. दार चकाकलं.

बाबांनी जुना डोळा झाकला. “आहेत.”

“अजून एक हात मारू?”

“मारू की.”

दुसऱ्या हातानंतर दारात समोरच्या घराचा जिना दिसायला लागला, त्यावर वाळत घातलेल्या चादरीसकट. बाबा खूश झाले, स्वतःशीच गुणगुणले. मग पुन्हा डोळा झाकून बघितलं आणि गुणगुणणं थांबलं.

“आधीपेक्षा जास्तच दिसतायत की गं.”

ते साहजिकच होतं. भोवतालचं पांढरं जसजसं उजळत होतं, तसतशी मधली साय उठून दिसत होती. चिमी फडकं झटकत राहिली.

आई चहा घेऊन बाहेर आली. “झालं का तुमचं? अहो, घड्याळ बघा. दवाखान्याला फोन करायचाय.”

“करतो ना. नाही म्हणून सांगतो. हा बघ पुरावा!” बाबांनी हातातल्या स्पंजनेच दाराकडे खूण केली. “दोनदा घासलं. डाग हलत नाही. म्हणजे डोळ्यातच आहे.”

आईने दाराकडे बघितलं, मग कपाकडे. “साखर कमी झाली असेल, बघा,” ती म्हणाली.

“मी डोळ्याचं बोलतोय, ही साखरेचं बोलतेय.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे घड्याळजी खाली उतरले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आणि कपाळावर सरकवलेलं भिंग ते अंघोळीपुरतं तरी काढतात का, याबद्दल गल्लीत दोन मतं होती.

“या, या,” बाबा म्हणाले. “तुम्ही त्रयस्थ. तुमच्यासारखी बारीक नजर कुणाची नाही. या दाराकडे बघा आणि काय दिसतं ते सांगा.”

घड्याळजींनी आईकडे बघितलं. आईने पदर नीट केला. घड्याळजींनी भिंग डोळ्यावर ओढलं, दाराला नाक टेकेपर्यंत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. तेवढ्या वेळात एखादं घड्याळ उघडून बंद झालं असतं.

“रंगारीबुवा,” ते शेवटी उठत म्हणाले, “पांढऱ्याचे प्रकार फार असतात.”

“ते मला सांगताय?”

“म्हणजे तसं बघायला गेलं तर... उजेडावर असतं सगळं. आणि माणसावर. बरं, माझं दूध उतू जाईल.” आणि सकाळी सकाळी कुणीही न ठेवलेल्या दुधासाठी ते दोन-दोन पायऱ्या चढून पसार झाले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी स्पंज खाली ठेवला आणि गाडीच्या सावलीत उलट्या बादलीवर बसले. नव्या डोळ्याने दार, मग जुन्या डोळ्याने दार. चिमीने त्यांना इतकं खट्टू झालेलं कधी बघितलं नव्हतं.

“मला भीती वाटते गं,” ते हळूच म्हणाले. “उद्या दुसराही असाच झाला, तर मग मला खरं काय ते कळणारच नाही. आज निदान एक तरी भरवशाचा आहे.”

चिमीने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ज्या डोळ्यावर त्यांचा भरवसा होता तोच फसवत होता, आणि त्याला घरच्यांनीच दोन वर्षं खोटी साक्ष देऊन मोठं केलं होतं.

“बाबा, मला विचारा ना.”

“काय?”

“मला काय दिसतं ते.”

“चिमे,” आई म्हणाली.

“नाही आई, आता पुरे. बाबा, मला तीन ठिपके दिसतात. सायीच्या रंगाचे. पहिल्या दिवसापासून दिसतात. सगळ्यांनाच दिसतात.”

गल्लीत कुणीतरी खिडकी लावली, तिचा आवाज स्पष्ट आला. बाबांनी आईकडे बघितलं.

“तुलाही?”

“अहो, मीच सांगितलं होतं हिला गप्प राहायला,” आई म्हणाली. तिची मान ताठ होती. “तुम्ही किती हौसेने जुळवला होतात रंग. म्हटलं, ठिपक्यांनी काय बिघडतंय? गाडी काही कमी धावत नाही.”

बाबांनी पुन्हा दाराकडे बघितलं. दोघी जीव मुठीत धरून उभ्या. बाबा रागावले की ओरडत नसत, दोन-दोन दिवस फक्त ‘हूं’ म्हणत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

“हूं,” बाबा म्हणाले.

आईने डोळे मिटले.

“किती थेंब टाकले होते मी?” बाबांनी स्वतःलाच विचारलं. “एक टाकला, फरक पडला नाही. दुसरा टाकला, नाही. तिसऱ्या-चौथ्यालाही नाही. म्हटलं, हा पिवळाच निकामी आहे. म्हणून ओतत गेलो.” ते उठून उभे राहिले. “रंगखात्यात पिवळा दिवा लावून छटा जुळवायला बंदी होती आम्हाला. दिवसाउजेडी, उत्तरेच्या खिडकीतच. का? तर पिवळ्या उजेडात पिवळा फरक दिसत नाही. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो मी. चिमे, मोतीबिंदू कसल्या रंगाचा असतो?”

“पिवळसर. पुढे पुढे तपकिरीही होतो.”

“म्हणजे मी दिवा डोळ्यातच लावून बसलो होतो!”

“हो, बाबा.”

“नुसतं हो म्हणू नकोस, तुझ्या ‘हो’चा आता भरवसा नाही. काहीतरी पिवळं पारदर्शक आण.”

चिमी आत धावली. कपाटात तिची प्रमाणपत्रं ठेवलेली पिवळी पारदर्शक फाईल होती. तिने प्रमाणपत्रं पलंगावर ओतली आणि रिकामी फाईल घेऊन आली. बाबांनी जुना डोळा तळहाताने झाकला आणि नव्या डोळ्यापुढे फाईल धरली. मग काढली. पुन्हा धरली.

“गेले,” ते म्हणाले. “आले. गेले. अगं, इकडे ये, तूही बघ.”

आईने बघितलं. “अय्या, खरंच की!” तिने फाईल दोनदा पुढेमागे केली. “असं दिसत होतं तुम्हाला? मग तुमचं कुठे काय चुकलं?”

“हात चुकला नाही,” बाबा म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे खांदे जरा सैल झाले. “खिडकी चुकली.” मग त्यांनी फाईल खाली केली. “गल्लीत कुणाकुणाला ठाऊक होतं?”

“पोस्टमन सोडून सगळ्यांना,” आई म्हणाली.

“पोस्टमनलाही,” चिमी म्हणाली. “तो पत्ता विचारणाऱ्यांना सांगतो, ठिपक्यांच्या गाडीचं घर.”

बाबांचं पोट हलायला लागलं. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि हसता हसता त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. नुकत्याच पुसलेल्या दारावर पाच बोटं उमटली. वरच्या खिडकीतून घड्याळजींनी डोकं बाहेर काढलं.

“सांगितलं वाटतं!”

“सांगितलं! आणि तुमचं दूध?”

“तापतंय अजून,” घड्याळजी म्हणाले आणि डोकं आत गेलं.

“आणखी काय काय लपवलंय माझ्यापासून?” बाबांनी विचारलं. “एकदाच सांगून टाका.”

आई जराशी घुटमळली. “बैठकीतली भिंत. तुम्ही पांढरी म्हणून निवडलीत ना, ती...”

“पिवळी आहे? मी तर तेही भिंगावरच ढकललं होतं!”

“छान दिसते हो, उजेड असल्यासारखी.”

“देवा! फोन आण, फोन.”

चिमीने फोन आणून दिला. बाबा ओले हात सदऱ्याला पुसून फाटकाजवळ गेले, पण दवाखान्याशी ते नेहमीच इतक्या मोठ्याने बोलत की दोघींना सगळं ऐकू येत होतं.

“हो, येतो म्हणून सांगा. नक्की. नाही, उजव्याची काही तक्रार नाही, उजवा उत्तम आहे, तक्रार डाव्याची आहे. आणि एक विनंती होती. आधीचं भिंग ज्या घाण्यातलं, म्हणजे ज्या खेपेत बनलेलं असेल, त्याच घाण्यातलं याही डोळ्याला मिळेल का? नाही हो, चेष्टा नाही करत. दोन घाण्यांत छटेचा फरक पडतो, म्हणून म्हटलं. बरं. डॉक्टरांना विचारून ठेवा.”

परत आल्यावर त्यांनी बोटांचे ठसे पुसून काढले.

“ठिपके खरवडायचे का?” चिमीने विचारलं. “मी नवी बाटली आणते. हवी तर आजच.”

“नाही. डावा बरा होईपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही. अर्ध्या नजरेने छटा जुळवत नाहीत.” त्यांनी मेणाची डबी उघडली, चकतीवर अगदी थोडं मेण घेतलं आणि ती चकती चिमीच्या हातात दिली. “आता हा थर मात्र चढवायचा असतो, घासायचा नाही. पातळ. इतका पातळ की लावलाय की नाही असं वाटलं पाहिजे. ठिपक्यांवरूनही ने, त्यांना वगळू नकोस.”

चिमीने दाराच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आई गार झालेला चहा परत गरम करायला आत गेली, आणि बाबा दोन्ही डोळे उघडे ठेवून चिमीच्या हाताकडे बघत राहिले.