कापसाच्या डब्यातला कॅमेरा

मित्रांनो, महागावच्या एका सरकारी कचेरीत बारनिशीचं टेबल आहे. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी तिथं नोंदवलं जातं, मगच पुढं सरकतं. त्या टेबलाच्या खालच्या खणात, शिक्क्यांच्या शेजारी, काळ्या पिशवीत जो बसलेला असतो तो मी. वयानं जुना डिजिटल कॅमेरा. अंगावरचं रबर दोन ठिकाणी सुटलंय, पट्ट्याचा रंग उडालाय. पण बटण दाबा, आजही मी पहिल्याच दाबाला काम करतो. हे फुशारकीनं सांगत नाही. ज्याला काम येतं, त्याला ते येतं हे ठाऊक असतं, एवढंच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या काचा एकामागे एक बसवल्या. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून त्या श्वासही जपून घ्यायच्या. उन्हाळ्यातली आमच्या विदर्भाची धूळ त्यांनी पाहिली नव्हती, ते बरंच झालं. तिथून मी यवतमाळात एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे आलो. सहा लग्नसराया अंगावर अक्षता झेलल्या. नवरदेवापेक्षा त्याच्या मामालाच फोटोची हौस जास्त असते, हे मी तिथं शिकलो. मग त्याच्याकडे नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. तिथून मला उचललं ते कपिलनं.

कपिल फुलसावंगीचा. रोज सकाळी मोटारसायकलनं महागावला यायचं, दिवसभर पत्रांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी शाईच्या बोटांनी घरी जायचं, असा त्याचा दिनक्रम. रविवार मात्र माझा. उजाडायच्या आत आम्ही गावाबाहेर पडायचो. पहिल्या वर्षी त्याच्या फोटोत काहीच सरळ येत नसे. फुललेलं तुरीचं शेत उतारावरून घसरतंय असं वाटे. पण तो मागं हटला नाही. एका टिटवीसाठी तो बांधावर दीड तास बसला होता. पाय मुंग्यांनी फोडून काढले, पण हात हलला नाही. तो फोटो आजही कचेरीच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या केबिनबाहेर लावलेला आहे, आणि कामासाठी आलेली माणसं ताटकळत बसली की त्याच्याकडेच पाहत बसतात.

त्या फोटोमुळं मला कचेरीतलं एक मानाचं काम मिळालं. कोणाची बदली झाली, कोणी निवृत्त झालं, की व्हरांड्यात सगळ्यांचा फोटो काढायची तिथं रीत आहे. पुढं खुर्च्या, मागं दोन रांगा, मधोमध साहेब किंवा मॅडम आणि त्यांच्या उजवीकडे शाल-श्रीफळ घेतलेला माणूस. पूर्वी त्यासाठी फोटोवाल्याला बोलवत. आता कपिल आणि मी.

या खुर्च्या मांडायचे नानाजी. चौतीस वर्षं इथलेच शिपाई. किती माणसं, किती खुर्च्या, कोण कुठं बसणार, सगळं त्यांच्या डोक्यात. मांडून झालं की ते चहाचं बघायला जायचे. एका संध्याकाळी टेबल पुसता पुसता ते भिंतीसमोर थांबले. तिथं निरोपाचे सगळे फोटो ओळीनं लावलेले होते.

"हे साऱ्या खुर्च्या म्या मांडल्या," माझ्याकडे बोट दाखवत ते कपिलला म्हणाले. "पन पाहाय, मी एकाबी फोटोत नाही. एकतीस डिसेंबरले मी नोकरीतून सुटून राह्यलो. माझ्या वख्ती यानंच काढजो."

यानं म्हणजे माझ्यानं. बाकीचे म्हणाले, एवढं कशाला, मोबाईल आहेत की सगळ्यांकडे. नानाजींनी मान हलवली. मोबाईलमधला फोटो बोटानं सरकून जातो, भिंतीवरचा कुठं जात नाही, असं त्यांचं म्हणणं. कपिलनं शब्द दिला.

आणि मित्रांनो, नेमका त्यानंतरच मी आजारी पडलो. हे त्याला दोन महिने कळलंच नाही.

त्याचं असं झालं. ऑक्टोबरात कपिलला गावोगावच्या याद्या तपासायचं काम लागलं. रविवारही गेले. त्याची लेक खुशी तेव्हा तीन वर्षांची. जे दिसेल ते ओढायची, जे ओढेल ते तोंडात घालायची. तिचा हात मला लागू नये म्हणून कपिलच्या आईनं, विजयमालाबाईंनी, मला उंच फळीवर ठेवायचं ठरवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या शेतात सीतादही झालं होतं. कापसाचा पहिला वेचा निघाला की शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात, ते. त्या वेच्यातला मूठभर कापूस बाईंनी घरी राखून ठेवला होता. त्याहून शुभ आणि मऊ दुसरं काय असणार? त्यांनी स्टीलच्या डब्यात तो पसरला, वर मला ठेवलं, माझ्यावर आणखी कापूस घातला आणि झाकण घट्ट लावलं. बाळाला निजवावं तसं.

पण परतीचा पाऊस नुकताच पडून गेला होता. कापसाच्या पोटात ओल होती. डब्यात हवा नाही, उजेड नाही. पहिले काही दिवस मला छान ऊब वाटली. मग काचेवर बारीक खाज सुटावी तसं काही चालायला लागलं. पांढरे धागे. एक, मग चार, मग जाळं. मी ओरडू शकत नव्हतो. फळीखालून आवाज यायचे, खुशी हसायची, कुकरची शिट्टी व्हायची, आणि कोणी डबा उघडत नव्हतं.

डिसेंबरच्या मध्यावर कपिलनं झाकण काढलं. अंगणातल्या जास्वंदीचा फोटो घेतला आणि पडद्यावर पाहतच राहिला. झाडावर कोणी ताक शिंपडलंय असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडमागच्या रहेमानचाचांच्या टेबलावर होतो. त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, रेडिओ केले, आता मोबाईल करतात. कॅमेऱ्याचा हात मात्र अजून त्यांचाच. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आत पाहिलं आणि चिमट्यानं कापसाचा एक धागा बाहेर काढला.

"बाबू, इतका लाड कोनं केला याचा?" ते म्हणाले. "बुरशी हाय. अंदर घर केलं तिनं."

कपिलनं आईचं नाव घेतलं नाही. आपणच ठेवला म्हणाला. एकतीस तारखेच्या आत होईल का, एवढंच त्यानं तीनदा विचारलं. चाचांनी माझ्या काचा एकेक करून उतरवल्या, पुसल्या, पुन्हा पुसल्या. नऊ दिवस लागले. शेवटी त्यांनी हात थांबवला. फोटोत डावीकडे जो कोपरा येतो, तिथला काचेवरचा लेप बुरशीनं खाल्ला होता. आणखी घासलं तर सगळीच काच जाईल, म्हणाले. तेवढं धुकं राहणार. आणि याला कोंडायचं नाही, रोज हवा द्यायची, वापरायचा.

घरी कपिलनं आईला काही सांगितलं नाही, पण डब्यात उरलेल्या कापसावरची बुरशी पाहून तिनं ओळखलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुले बी म्या असंच गुंडाळून वाढवलं. तुले तं बुरशी नाही लागली." कपिल हसला, मग तीही हसली. तेव्हापासून रोज सकाळी, कपिलबरोबर मी कचेरीला निघण्याआधी, मला पिशवीतून काढून खिडकीत ठेवायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं.

एकतीस तारखेला व्हरांड्यात सगळे जमले. कोणी अडवायच्या आत नानाजींनी सवयीनं खुर्च्या मांडल्या, आपल्याच निरोपाच्या, आणि सवयीनंच चहाचं बघायला निघाले. मॅडमनी त्यांना हाताला धरून परत आणलं आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसल्या. नानाजी खुर्चीच्या काठावर टेकले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

कपिलनं माझ्यातून पाहिलं. डावीकडचं धुकं त्याला दिसत होतं. मागं सरकायला जागा नव्हती, पाठीला भिंत. त्यानं सगळ्यांना उजवीकडे सरकायला लावलं, खांद्याला खांदा लावून, इतकं की मागच्या रांगेतले दोघं कुरकुरले. बावीसच्या बावीस चेहरे स्वच्छ काचेत बसले. त्याचं बोट बटणावर गेलं.

"थांब," नानाजी म्हणाले. "तू बी ये ना इकडं. खुर्च्या मांडनारा अन् फोटो काढनारा, दोघंबी भायेरच राह्यते नेहमी. आज मी आलो, तू कायले राह्यतं?"

आता जागा एकच उरली होती. डावा कोपरा. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि कपिलला. त्यानं मला स्टँडवर पक्कं बसवलं, दहा सेकंदांचा वेळ लावला आणि धावत जाऊन त्या धुक्यात उभा राहिला. मी अख्ख्या आयुष्यात इतका स्थिर कधी राहिलो नव्हतो.

तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. नानाजींच्या शालीच्या किनारीचे धागे मोजून घ्या, कपाळावरची आठी पाहून घ्या. डाव्या टोकाला मात्र एक माणूस पहाटेच्या धुक्यातून येतोय असा दिसतो. नवीन आलेले लोक विचारतात, हा कोण? जुने सांगतात, हा ज्यानं काढला तो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आवडत्या वस्तूला जपा, पण तिचा श्वास कोंडू नका. तिला उजेड दाखवा, हाताळा, कामाला लावा. वापरानं आम्ही झिजतो खरे, पण झिजणं आम्हाला चालतं. आणि तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत कोणी नेहमी इतरांचेच फोटो काढत असेल, तर एकदा मला त्याच्या हातातून घ्या. त्यालाही सगळ्यांमध्ये उभं करा. फक्त उजवीकडे. डावीकडे माझं धुकं अजून आहे.