दोरी दिसतेय!

आमच्या शिलाईच्या दुकानात कपाटावर एका राक्षसाचं डोकं ठेवलेलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय हो?" मी म्हणते, "आमचे वडील." गिऱ्हाईक हसतं. हसू दे बापडं, मी काही खोटं बोलत नाही.

बाबा पिक्चरमध्ये राक्षस व्हायचे. स्वस्तातले पिक्चर. आकाशातून दगड पडायचा, दगडातून काहीतरी खवल्याखवल्यांचं बाहेर यायचं, पुठ्ठ्याची गावं तुडवायचं आणि शेवटी मरायचं. राक्षसाचं ते सोंग आईनंच शिवलेलं, टायरच्या ट्यूबा आणि गादीतला फोम जोडून. आत शिरलं की बाबांना ना धड दिसायचं, ना ऐकू यायचं. म्हणून त्यांच्या घोट्याला एक बारीक दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेल्या आईच्या हातात. एक झटका म्हणजे चाला. दोन झटके म्हणजे, बरे आहात ना? बाबांनी पायानं उलट दोनदा ओढलं की, बरा आहे.

शेवटच्या पिक्चरच्या शेवटच्या सीनला बाबा आतल्या आत गेले. दिव्यांचा उकाडा, त्यात रबर, छातीनं दगा दिला. राक्षसाला त्या सीनमध्ये मरायचंच होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. छान मेला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी तेव्हा चार वर्षांची होते.

आईला धावल्याचं आठवतं. पण कधी धावली, ते आठवत नाही. सीन चालू असताना डायरेक्टर तिच्यावर खेकसला होता, "ओ बाई, दोरी दिसतेय! हात हलवू नका!" मग ती घाबरून गप्प बसली का? विचारायचंच राहिलं का? टाळ्या झाल्यावर उठली का? हा किडा तिच्या डोक्यात घुसला तो कायमचाच. जागेपणी ती कधी बोलायची नाही. पण झोपली की तिचा हात चादरीला दोन झटके द्यायचा. मग थांबायचा, वाट बघत. पुन्हा दोन झटके. मी त्या हाताशेजारी लहानाची मोठी झाले. शाळेत असताना एकदा मला वाटलं, बिचारी एवढं विचारतेय, तर मी चादर उलट ओढली, दोनदा. आई जी किंचाळून उठली, ती सकाळपर्यंत थरथरत होती. पुन्हा तसं करायची माझी छाती झाली नाही.

आता गंमत बघा. ज्या पिक्चरनं आमच्या घराचं वाटोळं केलं, तो मागच्या गल्लीतल्या जुन्या थिएटरात दर रविवारी दुपारी लागतो. अजून! कॉलेजची पोरं येतात, नोकरदार येतात, राक्षसाचे मुखवटे घालून येतात. दोरी दिसली की सगळे एका आवाजात ओरडतात, "दोरी दिसतेय!" आमच्या दुकानापर्यंत ऐकू येतं. मी मशीन जोरात चालवते. त्या पोरांचा मला इतका राग यायचा की एकदा मुखवटा शिवून मागणाऱ्याला मी दारातूनच हाकललं होतं.

आणि यंदा आईच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. मधलं दिसेनासं होत चाललंय, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. घरी आल्यावर आई चपला काढता काढता म्हणाली, "रविवारी पिक्चरला जाऊ."

"डोकं फिरलंय का तुझं? काय बघायचंय त्यात?"

"माझी दोरी. डोळे आहेत तोवर बघून घेते. हलली की नाही, एवढंच."

 दोरी हलली नाही तर? इतकी वर्षं निदान शंका तरी होती. उद्या खात्री झाली तर ही बाई जगेल कशी? मी दोन दिवस भांडले. ती काही ऐकेना.

रविवारी थिएटरच्या ऑपरेटरनं दारातच स्वागत केलं. आम्ही कोण ते त्याला ठाऊक होतं. "मावशी, आज नवी कॉपी लावतोय. धुऊनपुसून आणलीय. एक डाग दिसला तर सांगा."

आईला कडेचं दिसतं म्हणून आम्ही एका अंगाला बसलो. पिक्चर सुरू झाला. दगड पडला, धूर निघाला, बाबा बाहेर आले. पोरं खिदळत होती. मी बाबांना असं चालताना कधी पाहिलंच नव्हतं. पावलं टाकताना ते जरा डावीकडे झुकत, अगदी माझ्यासारखे. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

शेवटचा सीन लागला. पोरांनी ओरडायला श्वास भरून घेतला. आईनं माझी बाही घट्ट धरली. बाबा पुठ्ठ्याच्या गावात उभे राहिले, डुलले. खाली जमीन लख्ख. दोरीच नाही!

"अरे, दोरी कुठंय?" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या. "दोरी चोरली! पैसे परत!"

ऑपरेटर धावत बाहेर आला. "अहो, चूक होती ती! पुसून घेतली मी मुद्दाम. आता बघा किती खरं वाटतं!"

"तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" हे मी ओरडले. त्या सगळ्या पोरांच्या वर माझा आवाज. "आधी जुनं रीळ लावा!"

पोरांनी बाकं बडवली. ऑपरेटर पाय आपटत वर गेला. आई अंधारात ताठ बसून होती, बाही सोडेना. पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून म्हणाली, "आजी, काळजी नका करू. दोरीशिवाय आम्ही घरी जात नाही."

"काय ठेवलंय एवढं त्या दोरीत?" मी खेकसलेच.

ती जरा गडबडली. "म्हणजे... राक्षस काय, कुठेही बघायला मिळतात हो. इथे आत कुणीतरी आहे ते कळतं. आणि बाहेर त्याचं कुणीतरी आहे."

 तेवढ्यात जुनं रीळ लागलं. ओरखडे, ठिपके, आणि डावीकडून आलेली बारीक पांढरी दोरी. "दोरी दिसतेय!" अख्खं थिएटर ओरडलं आणि एकदम गप्प झालं.

बाबा डुलत होते. दोरी जमिनीवर निपचित पडलेली. मी मनात म्हणत होते, हल गं बाई, हल.

दोरी हलली. दोन झटके.

त्याच क्षणी माझ्या बाहीलाही दोन झटके बसले. आई पडद्याकडे बघत होती. आपला हात काय करतोय याचा तिला पत्ता नव्हता. बाबांचा पाय जागचा हलला नाही. ते भलत्याच बाजूला कोसळले, पुठ्ठ्याच्या घरांवर. दोरीला पुन्हा दोन झटके बसले. बाही पुन्हा ओढली गेली. आणि मग दोरीचं मोकळं टोक सरपटत पडद्यावर आलं आणि तिथंच पडून राहिलं. आईनं ते टाकून दिलं होतं. ती धावली होती. ती पडद्यावर दिसायच्या आत सीन कापलेला, म्हणजे टाळ्यांच्या आधी धावली होती.

तेवढ्यात अंधारात धप धप आवाज झाला. सगळ्या थिएटरनं दोनदा पाय आपटले. दर रविवारी आपटतात म्हणे, कुणी सुरू केलं कुणाला ठाऊक नाही.  त्यात एक पाय माझाही होता.

"विचारलं होतं मी," आई म्हणाली. मग बाही सोडून ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. पुढची मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून आईचा हात झोपेत हलत नाही. चांगलंच झालं, पण मला सवय नाही ना. परवा दुपारी ती आडवी झाली होती, आणि हात इतका गप्प की माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. श्वास चालू आहे का तेही कळेना.  शेवटी मी चादरीचं टोक धरलं आणि दोनदा ओढलं.

काहीच नाही. ती वाट बघणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. मी उठून धावणार, एवढ्यात चादर पलीकडून ओढली गेली. दोनदा.

"बरी आहे गं," आई डोळे न उघडताच म्हणाली, "जा, काम कर."