एसटीतला एसटी

मी एसटीत कंडक्टर, मुखेड आगार, बावीस वर्षं नोकरी. जातीनंही एसटीच, म्हणजे अनुसूचित जमात, मन्नेरवारलू. या दोन एसटींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मीच माझ्या हातानं त्यांचा असा घोळ घातला की पोरीच्या मुळावर आला.

पोरीला, शिल्पाला, लातूरला डॉक्टरकीला नंबर लागला, एसटीच्या जागेवर. जात वैधतेचं प्रमाणपत्र उद्या पाचच्या आत कॉलेजात दाखवायचं, नाहीतर जागा पुढच्याला. आणि आज नांदेडला जात पडताळणी समितीपुढे सुनावणी.

साहेबांनी कागद चाळले. माझ्या वडिलांचा शाळेचा उतारा ठीक होता. मग त्यांनी माझ्या सेवापुस्तकाची झेरॉक्स पुढे सरकवली.

"नरसिंगराव, नोकरीला लागताना तुम्ही खुल्यातून अर्ज भरला. जातीच्या रकान्यात नुसतं हिंदू. तेव्हा एसटी नव्हतात, आता मुलीच्या वेळेला झालात?"

शिल्पा माझ्याकडे बघतच राहिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

काय सांगणार? भरतीचे अर्ज आम्ही पाच-सहा जण डेपोसमोरच्या हॉटेलात बसून भरत होतो. एकाच्या अर्जावर जमात दिसली तशी बाकीचे खिदळले, "एसटीत एसटी, डबल तिकीट!" तो बिचाराही हसला. मी माझा अर्ज हातानं झाकला आणि 'खुला' लिहिलं. मार्क होते, लागलो. पुढे बावीस वर्षं छाती फुगवून सांगत फिरलो, आपण कुणाच्या मेहेरबानीवर लागलो न्हाई. केवढा तो माज!

"साहेब, मार्क होते म्हणून..."

"मार्क असले तरी जात लिहिता येते. का लपवली ते लिहून द्या."

भर कचेरीत, अंगावरच्या खाकीसकट, मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले आणि कोरा कागद दिला.

खोटं लिहायला लई डोकं खाजवलं, सुचेना. शेवटी लिहिलं, मला माझ्या जमातीची लाज वाटत होती. खाली माझ्याबरोबर अर्जदाराचीही सही लागते, म्हणजे पोरीची. शिल्पानं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि सही केली.

साहेबांनी तो फाईलला लावला. "वरिष्ठांपुढे ठेवावं लागेल. पुढची तारीख घ्या." तारीख पडली सोळा दिवसांनंतरची. मी हात जोडून उभाच होतो, तोवर शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

जिन्यात शिल्पा थांबली.

"पप्पा, क्लासचा फॉर्म भरताना तुमीच म्हणले, लाजायचं न्हाई, आपल्या हक्काचं हाय. तीन वर्षं क्लासात पोरी टोमणे मारायच्या. मी तोंडावर सांगायचे, हाव, हाय मी एसटी. माझ्या बापानं शिकवलंय म्हणायचे."

मला वर बघवेना.