घटका भरली!

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी वाटी आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका. त्या भोकासाठीच तर मला घडवले.

तंजावरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केले आणि बुडाला सुईच्या टोकाएवढे छिद्र पाडले. मग मला पाण्यावर सोडले. शेजारी एक म्हातारी वाटी तरंगत होती. पाणी छिद्रातून आत चढू लागले. आम्ही दोघी एकदमच बुडालो, तेव्हा कुठे त्याने मला पसंत केले. घट म्हणजे भांडे. लहानसा घट ती घटिका, आणि तो भरायला लागणारी चोवीस मिनिटे तीही घटिकाच. बोलता बोलता लोकांनी तिची घटका केली. तुम्ही ‘घटकाभर थांब’ म्हणता तेव्हा माझेच नाव घेता, हे ठाऊक होते का तुम्हाला?

इथल्या मराठी घरांतली कितीतरी लग्ने मी लावली. भटजी मला घंगाळात सोडत. मी बुडाले की ‘घटका भरली!’ असा पुकारा होई आणि अंतरपाट दूर होई. तोवर मोठमोठे राव ताटकळत उभे! खरे सांगते, त्याचा मला फार गर्व होता.

पुढे घड्याळे आली आणि मी देवघरात तीर्थाची वाटी झाले. तीर्थ गळू लागले. घरचे अनिरुद्धराव तेव्हा पोस्टात नोकरीला होते. त्यांनी पार्सलांना लावायची लाख आणली आणि मोठ्या मायेने माझे छिद्र बुजवले. मायेने हो, म्हणून तर रागावताही येईना.

यंदा त्यांच्या धाकट्या लेकीचे, नंदिताचे लग्न ठरले. अनिरुद्धरावांनी छातीठोकपणे जाहीर केले की मुहूर्त आपल्या घटिकेवरच धरायचा. वाडवडिलांची रीत लेकीला एकदा दाखवावी, एवढीच त्यांची हौस होती. मुहूर्ताला चोवीस मिनिटे असताना त्यांनी मला घंगाळात सोडले. मी आपली बदकासारखी तरंगत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. वरपक्ष गालातल्या गालात हसू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मोठ्या मुलीची लेक हरिणी घंगाळावर वाकून बसली होती. तिने आजोबांना विचारले,

“ताता, हे बुडल कसं?”

“मुहूर्त आला की आपोआप बुडते गे.”

“पाणी आत याला वाट कुठं अहे?”

अनिरुद्धरावांनी मला उचलून उलटे केले. लाखेचा ठिपका दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अय्यो! ओट्टै पडली, गळते मणून मीच बुजवलों की!” ओट्टै म्हणजे भोक.

हरिणी धावत नादस्वर वाजवणाऱ्या गणेशकुमारांकडे गेली. फुंकायची पात साफ करण्याची सुई नादस्वराला कायम लटकलेली असते. ती तिने मागून आणली. दोघांनी लाख खरवडून काढली आणि मला पुन्हा पाण्यावर ठेवले. पण मुहूर्ताला आता आठच मिनिटे उरली होती.

“मुहूर्त माझ्यासाठी थांबल का? फोन पाहून लग्न लावा,” अनिरुद्धराव हळूच म्हणाले.

लग्न लागले. अक्षता पडल्या, मंडळी केळीच्या पानांकडे वळली. माझ्या पोटात मात्र पाणी येत होते, किती वर्षांनी! एक हरिणी तेवढी जागची हलली नाही. मी जड झाले, काठाला पाणी लागले आणि मी बुडाले.

“घटका भरली!” ती ओरडली. “ताता, मी फोनात मोजले. सरीक चोवीस मिनिटं!”

अनिरुद्धराव पंगतीत वाढत होते. सांबाराचे भांडे तिथेच ठेवून ते धावत आले. तळाशी मला पाहून त्यांनी सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि नव्या नवरीला हाक मारली.

मित्रांनो, जुन्या वस्तू अवश्य जपा. पण डागडुजी करण्याआधी ही वस्तू कशासाठी घडवली, एवढे विचारा. माझ्यावर माया घरातल्या सगळ्यांनीच केली. विचारले ते एकट्या हरिणीने.